ड्रोनच्या मोटरला उडण्याआधी दमवतात ते का?

विसर्जनाच्या बंदोबस्तात पोलिसांचा ड्रोन, लग्नात फोटोग्राफरचा ड्रोन, शेतात औषध फवारणारा ड्रोन. बचत गटांतल्या महिलांना फवारणीचे ड्रोन देणारी 'नमो ड्रोन दीदी' योजना आल्यापासून हा शब्द गावोगाव पोचला. २०२३ साली ती मंजूर झाली तेव्हा १५ हजार गटांचं लक्ष्य आणि १,२६१ कोटी रुपयांची तरतूद होती तिच्यात. बातमी आली की ड्रोन किती वेळ उडतो, किती किलो उचलतो, कॅमेरा कसला, हे सगळं त्यात असतं. त्याला हवेत धरून ठेवणाऱ्या मोटरबद्दल कुणी बोलत नाही. बोललंच तर "स्वदेशी की चिनी?" एवढंच.

तो प्रश्न रास्त आहे. ९ फेब्रुवारी २०२२ पासून, काही अपवाद सोडले तर, परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करता येत नाहीत. सुटे भाग मात्र आणता येतात. त्यामुळे इथे जोडलेल्या कितीतरी ड्रोनमध्ये मोटर चीनचीच असते. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काउंटरवर आलेल्या खोक्यावर तिचे आकडे छापलेले असतात आणि घेणारा त्यांच्यावर भिस्त ठेवून पैसे मोजतो. ते आकडे खोटे असतात असं नाही. पण त्यातले बरेचसे, मोटरला काहीच काम नसताना घेतलेले असतात किंवा काही क्षणांपुरते खरे असतात.

मोटरीच्या पोटात काय असतं

ड्रोनच्या मोटरी 'ब्रशलेस' जातीच्या. मधल्या लोखंडी गाभ्यावर तांब्याच्या तारेची वेटोळी असतात, ती जागची हलत नाहीत. त्यांच्याभोवती कवच, कवचाला आतून चिकटवलेले चुंबक. फिरतं ते हे कवच, आणि त्याच्याच डोक्यावर प्रोपेलर बसतो. कुठल्या वेटोळ्यात करंट कधी सोडायचा हे ठरवणारं एक छोटं सर्किट असतं, त्याला ईएससी म्हणतात. वेटोळ्यांत पाळीपाळीने करंट जातो, चुंबक त्याच्या मागे ओढले जातात, कवच फिरतं. घासणारे कार्बन ब्रश नसल्यामुळे आत झिजण्यासारखं म्हणाल तर फक्त बेअरिंग.

खोक्यावर '२२१२, ९२० केव्ही' असं काहीसं लिहिलेलं असतं. २२१२ हे गाभ्याचं माप: व्यास २२ मिलिमीटर, उंची १२. केव्ही म्हणजे मात्र किलोव्होल्ट नव्हे. इथे भलेभले इलेक्ट्रिकलवालेसुद्धा फसतात. एका व्होल्टमागे मोटर मिनिटाला किती फेरे घेईल, तो हा आकडा. ११.१ व्होल्टची बॅटरी जोडली की ९२० गुणिले ११.१, म्हणजे १०,२०० च्या थोडे वर फेरे. अट एकच, आणि ती खोक्यावर सहसा छापत नाहीत: शाफ्टवर काहीही बसवलेलं नसताना.

मिक्सर रिकामा फिरवून बघा

घरचा मिक्सर रिकाम्या भांड्याने चालू करा. सूं करत हवा तितका वेळ फिरतो. आता त्याच भांड्यात भिजवलेले उडीद घाला आणि पाणी हात राखून. आवाज खाली बसतो, बघता बघता बूड तापतं, जास्तच ताणलंत तर जळका वास येतो आणि खालचं लाल बटण बाहेर येऊन मिक्सर गप्प होतो. मोटर तीच, वीज तीच. बदललं ते फक्त पात्यांना करावं लागणारं काम. या कामालाच लोड म्हणायचं.

ड्रोनच्या मोटरला लाल बटण नसतं. असून उपयोगही नाही. जमिनीपासून चाळीस मीटरवर मोटर स्वतःला वाचवायला बंद पडली, तर तिचं वाचणं कुणाच्या कामाचं?

हवेचं ओझं

प्रोपेलर हवा खाली ढकलतो आणि त्या बदल्यात ड्रोनला वर उचल मिळते. या उचलीला थ्रस्ट म्हणतात. ती ग्रॅम-किलोत मोजायची पद्धत आहे. प्रोपेलर फिरता ठेवायला मोटरला जो पीळ द्यावा लागतो तो टॉर्क. एवढे दोन शब्द पुरेत.

खरी मेख आहे ती पुढच्या हिशेबात. फेरे दुप्पट केले की थ्रस्ट चौपट होतो, पण त्यासाठी लागणारी ताकद आठपट. व्यास वाढवला तर याहून कठीण. त्याच घडणीचा, पण १० ऐवजी ११ इंचांचा प्रोपेलर तितक्याच फेऱ्यांवर फिरवायचा म्हटलं तर थ्रस्ट साधारण ४६ टक्क्यांनी वाढतो आणि मोटरला लागणारी ताकद ६१ टक्क्यांनी. फरक काय, तर एक इंच! 'जरा मोठा प्रॉप टाकून बघू' म्हणणाऱ्या हौशी मंडळींच्या मोटरी जळतात त्या याच इंचामुळे.

जास्त ताकद म्हणजे जास्त करंट, आणि तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. १० अँपिअरचे २० झाले की उष्णता चौपट. त्यात तांबं तापलं की त्याचा विरोधही वाढतो, दर अंशामागे ०.४ टक्क्यांच्या आसपास. तार २५ अंशांवरून १०० अंशांवर गेली की तोच करंट जवळजवळ ३० टक्के जास्त उष्णता काढतो.

चुंबकांचं दुखणं वेगळंच. साध्या प्रतीच्या निओडिमियम चुंबकाला ८० अंश सेल्सिअसच्या आसपासपर्यंतच झेपतं; महागड्या प्रती १५० किंवा त्याहून जास्त सोसतात. मर्यादा ओलांडली की चुंबकत्वाचा काही हिस्सा कायमचा जातो. मग तोच टॉर्क द्यायला मोटर आणखी करंट मागते, म्हणून आणखी तापते, म्हणून चुंबक आणखी दुबळा होतो. बाहेरून यातलं काही दिसत नाही. उलट, रिकामी फिरवलीत तर अशी मोटर पूर्वीपेक्षा जोरात फिरते, कारण चुंबक दुबळा झाला की केव्ही वाढतो! दुकानदाराने काउंटरवर गर्रकन फिरवून दाखवलेली मोटर कशी आहे, हे त्या फिरण्यावरून म्हणूनच कळत नाही.

लोडचं सोंग कसं आणतात

म्हणून मोटर उडवण्याआधी जमिनीवरच तिला लोड देऊन दमवून बघतात. त्याच्या दोन रीती. पहिली सरळ आहे. मोटर एका दांड्यावर घट्ट बसवायची, तिला खराखुरा प्रोपेलर लावायचा आणि दांड्याशी लोड सेल जोडायचा. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यात असतो तोच हा भाग: ताण आला की किंचित वाकणारा धातूचा तुकडा आणि ते वाकणं टिपणारी पट्टी. मोटर जितकी ओढेल तितका तो वाकतो. दुसऱ्या लोड सेलवर टॉर्क कळतो, शिवाय व्होल्टेज, करंट, फेरे, तापमान आणि कंपन यांची नोंद होत राहते. या मांडणीला थ्रस्ट स्टँड म्हणतात.

ऐकायला सोपं, पण सगळे घोळ इथेच होतात. मुंबईतल्या दहा बाय बाराच्या खोलीत स्टँड लावला की प्रोपेलरने फेकलेली हवा भिंतीवर आपटून परत त्याच्याकडेच येते. ढवळलेल्या हवेत आकडे खालीवर नाचू लागतात. वारा स्टँडच्या दांड्यावर फेकला जात असेल तर थ्रस्ट कमी दिसतो, म्हणून शक्यतो वारा स्टँडपासून लांब जाईल अशी मोटर बसवतात. लोड सेलला आधी ओळखीची वजनं टांगून तो खरं बोलतोय का ते बघावं लागतं. आणि जाळीच्या पिंजऱ्याशिवाय हे काम करूच नये. १० इंची प्रोपेलरचं टोक ७,००० फेऱ्यांवर ताशी सुमारे ३३५ किलोमीटरने फिरत असतं.

तापमान मोजतानाही फसायला होतं. इन्फ्रारेड पिस्तूल रोखलं की बाहेरच्या कवचाचा आकडा मिळतो, पण भाजत असतात ती आतली वेटोळी. मोटर थांबवल्यावर वारा बंद होतो आणि आतली उष्णता बाहेर येऊन कवच आणखी तापतं, "थांबवल्यावर कशी काय गरम झाली?" याचं उत्तर ते आहे. नीट मापायचं तर वेटोळ्यालाच सेन्सर चिकटवतात.

वीज कुठून घेता यावरही निकाल बदलतो. टेबलावरचा पॉवर सप्लाय ११.१ व्होल्ट म्हणजे ११.१ व्होल्टच देत राहतो. बॅटरी भरलेली असताना १२.६ व्होल्ट देते आणि ताण आला की खाली घसरते. सप्लायवर घेतलेला शेवटच्या मिनिटाचा थ्रस्ट बॅटरीवर मिळेलच असं नाही.

दुसऱ्या रीतीत प्रोपेलरच नसतो. मोटरच्या शाफ्टला दुसरी मोटर जोडतात, ती जनरेटर म्हणून फिरते आणि तिने केलेली वीज रोधकांत जिरवतात. किंवा धातूची चकती चुंबकांच्या मधून फिरवतात. चकतीत आपोआप करंट उमटतात आणि फिरण्याला विरोध करतात. विरोध किती, हे बटणाने कमीजास्त करता येतं. हा डायनॅमोमीटर, बोलताना 'डायनो'. फायदा असा की हवा, खोली, प्रोपेलरची घडण यांचा काही संबंध उरत नाही. 'अमुक फेऱ्यांवर तमुक टॉर्क' असं सांगितलं की तेवढाच लोड, आज आणि पुढच्या महिन्यातही. मात्र लोड फेऱ्यांच्या वर्गाने वाढेल असं आधी बसवून द्यावं लागतं, कारण प्रोपेलरचा टॉर्क तसा वाढतो. शिवाय उडताना प्रोपेलरचा वारा मोटरला गारही करत असतो. डायनोवर तो नसतो, म्हणून बाजूला पंखा लावला नाही तर चांगली मोटरही नापास होईल.

मला विचाराल तर दोन्ही हवेत. मोटरचा स्वभाव डायनोवर, मोटर-प्रोपेलरचा संसार थ्रस्ट स्टँडवर.

एकसारखा लोड देऊन भागत नाही

ड्रोन हवेत कधीच एका ताकदीवर नसतो. समजा चारही मोटरींचा मिळून कमाल थ्रस्ट वजनाच्या दुप्पट आहे. एका जागी तरंगताना मग निम्मा थ्रस्ट लागतो, पण ताकद निम्मी नव्हे, कमाल ताकदीच्या ३५ टक्केच लागते. वाऱ्याचा झोत आला, वर चढायचं झालं, वळायचं झालं की क्षणात ७०-८० टक्क्यांवर उडी. म्हणून खऱ्या उड्डाणाची नोंद घेऊन तेच चढउतार स्टँडवर पुन्हा पुन्हा वाजवतात.

यात ईएससीचीही परीक्षा होते. वेटोळ्यात उमटणाऱ्या उलट्या व्होल्टेजवरून तो कवच कुठे पोचलं याचा अंदाज घेत असतो. थ्रॉटल, म्हणजे मोटरला ताकद कमीजास्त करायला सांगणारा इशारा, एकदम उघडला आणि प्रोपेलर जड असला तर अंदाज चुकतो, मोटर थरथरते, फेरे कोसळतात. ड्रोन उडवणारे लोक याला 'डीसिंक' म्हणतात. सावकाश थ्रॉटल वाढवत नेणाऱ्या टेस्टमध्ये हा दोष सापडत नाही, म्हणून २० वरून ८० टक्क्यांवर झटक्यात नेऊन बघायचं.

कंपनाचं एक उदाहरण देतो. प्रोपेलरच्या मध्यापासून १० सेंटिमीटरवर ०.१ ग्रॅम वजन जास्त असेल, तर ७,००० फेऱ्यांवर ते मोटरला साधारण अर्ध्या किलोच्या जोराने बाहेर ओढतं, आणि ही ओढ दर फेऱ्यात दिशा बदलते. बेअरिंगचं काय होत असेल ते बघा.

"एवढ्या भानगडीपेक्षा सरळ उडवून बघितलं तर?"

कुठे उडवणार? २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर परवानगीशिवाय जाता येत नाही, त्याच्या आत नियम आणखी कडक. मुंबईत सहार-सांताक्रुझचं विमानतळ, जुहूची धावपट्टी, नौदलाचे तळ, तुर्भ्याचं अणुसंशोधन केंद्र, त्यात पोलिसांचे वेळोवेळी निघणारे बंदीहुकूम. मोकळं आकाश शोधायचं तर शहराबाहेर जावं लागतं.

पण जागा मिळाली तरी उडवणं ही तपासणी होत नाही. ड्रोन डगमगला तर दोष मोटरीत, ईएससीत, प्रोपेलरमध्ये की सॉफ्टवेअरमध्ये, हे हवेत कळत नाही. सॉफ्टवेअर तर दुबळ्या मोटरीला जास्त करंट देऊन तिचा दोष बरेच दिवस झाकून ठेवतं. आणि मोटर कुठल्या मर्यादेला मरते हे बघायचं असेल तर एक मोटर मारावी लागते. स्टँडवर ते एका मोटरीत भागतं. हवेत चार मोटरींच्या ड्रोनची एक गेली की अख्खा ड्रोन खाली, खाली कोण उभं आहे हे न बघता.

"कंपनी मोटरच्या आकड्यांचा तक्ता देते की!"

देते, आणि चांगल्या कंपन्यांचे तक्ते प्रामाणिक असतात. पण तळटीप वाचा. कमाल करंटपुढे बहुतेकदा सेकंद लिहिलेले असतात: १० सेकंद, ३० सेकंद, फार तर ६०. तक्त्यातला प्रोपेलर कंपनीच्या पसंतीचा असतो, तुम्ही लावणार तो नव्हे. खोलीचं तापमान दिलेलं असेलच असं नाही. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या मोटरीची सुरुवातच १५ अंश जास्त तापमानावर होते.

"कॉम्प्युटरवर हिशेब करून चालत नाही का?" हाही प्रश्न येतो. करावाच, मोटर-प्रोपेलरची जोडी निवडायला तो उत्तम. पण हिशेबाला मोटर जशी असायला हवी तशी माहीत असते, तुमच्या हातात आलेली माहीत नसते. चिकटवलेला एक चुंबक सुटत चाललाय, हे कुठल्या सूत्रात सापडणार?

फवारणीच्या ड्रोनवर हिशेब घालून बघू

दहा लिटरची टाकी भरलेला, सहा मोटरींचा, एकूण २५ किलोचा ड्रोन धरा. उडतेवेळी प्रत्येक मोटरीवर सव्वाचार किलोच्या आसपास भार. टाकी रिकामी होईतो वजन १५ किलो, म्हणजे मोटरीमागे अडीच किलो, आणि लागणारी ताकद सुरुवातीच्या निम्म्याहून कमी. एका फवारणीत लोड एवढा उतरतो, मग पुन्हा टाकी भरून वर. मोटर तापते, निवते, तापते. या ताणाने चुंबकांचा गोंद आणि तारांवरचं इन्सुलेशन थकतं. सलग एका भारावर तासभर चालवून ही थकवण दिसत नाही.

आता टाकी भरलेली असताना एक मोटर गेली. तोल राखायला तिच्या समोरचीही जवळजवळ बंद ठेवावी लागते. २५ किलो उरलेल्या चौघींवर, प्रत्येकीवर सव्वासहा. भार दीडपट, पण ताकद जवळजवळ १.८ पट. सुखरूप उतरायला लागणारी दोन-तीन मिनिटं मोटर हे सोसते का? 'सहा मोटरी आहेत, एक गेली तरी चिंता नाही' असं विकणारा बिनधास्त सांगतो. ते खरं की नुसती जाहिरात, हे स्टँडवर सव्वासहा किलोचा भार लावून घड्याळ बघितल्यावरच कळतं.

"स्टँडवर पास झाली म्हणजे हवेत पास?"

नाही. स्टँडवर हवा उभी असते. पुढे उडताना प्रोपेलरमध्ये हवा वेगळ्या कोनातून, वेगळ्या वेगाने शिरते आणि थ्रस्ट बदलतो. त्यासाठी वाऱ्याचा बोगदा लागतो. समुद्रकाठची खारी हवा बेअरिंगला गंज चढवते, तेही तासाभराच्या टेस्टमध्ये दिसत नाही. (मुंबईची दमट हवा 'जड' म्हणून ड्रोनला त्रास होतो, असं काहीजण सांगतात. उलट आहे. वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी, त्यामुळे दमट हवा किंचित विरळच असते.)

उंचीचा प्रश्न मोठा. मुंबईत टेस्ट होते समुद्रसपाटीला. महाबळेश्वरला हवा सुमारे १२ टक्के विरळ, लेहला ३० टक्के. नवी मुंबईत महापेला असलेल्या आयडियाफोर्ज कंपनीला २०२१ साली लष्कराने उंच डोंगराळ भागासाठी ड्रोन पुरवण्याचं काम दिलं. अशा यंत्रांना हा हिशेब टाळता येत नाही. लेहला तितकाच थ्रस्ट हवा तर फेरे सुमारे २० टक्क्यांनी वाढवावे लागतात. टॉर्क मात्र तितकाच राहतो. लेहची हवा मुंबईत आणता येत नाही, पण डायनोला 'टॉर्क तोच, फेरे २० टक्के जास्त' असं सांगता येतं. बॅटरीचं व्होल्टेज तिथे तोकडं पडतं की नाही, ते बसल्या जागी कळतं. विरळ हवेत मोटर कमी निवते, हे डायनोच्या बाजूला लावलेल्या पंख्याचा वेग उतरवून जमवायचं.

हे सगळं परवडतं का

व्यावसायिक स्टँडची किंमत लाखांत जाऊ शकते. पण लोड सेल आणि त्याचं सर्किट लॅमिंग्टन रोडला काही शे रुपयांत मिळतं, वर एक आर्डुइनो (आकडे टिपणारा छोटा कॉम्प्युटर-बोर्ड) आणि सुताराकडून बनवलेला दांडा. इंजिनीअरिंगची पोरं यावर चांगले आकडे काढतात, वजनं टांगून काटा तपासायचा कंटाळा केला नाही तर.

ज्याला स्टँड बांधायचा नाही, फक्त ड्रोन घ्यायचा आहे, त्याने विक्रेत्याला विचारावं: हा थ्रस्ट किती सेकंदांचा, कुठल्या प्रोपेलरवर, किती तापमानात, बॅटरीवर की सप्लायवर? चाचणीआधीचा केव्ही आणि नंतरचा केव्ही दाखवा. नंतरचा वाढलेला असेल तर चुंबक भाजलेत, पैसे परत खिशात ठेवा.